मित्रांसोबत मोठ्या शहरात एक निवांत दिवस: आखणीपासून परतीपर्यंत

आमच्या गटाच्या पहिल्या शहर-भटकंतीच्या यादीत अकरा ठिकाणं होती. संध्याकाळी सहापर्यंत त्यांतली नऊ पाहून झाली होती आणि परतीच्या गाडीत पाच जणांपैकी कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. भांडण झालं नव्हतं, सगळे फक्त दमले होते. त्या दिवसातलं आज मला नीट आठवतं ते एका जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसून घालवलेली वीस मिनिटं. ती यादीत नव्हती. एकीच्या चपलेचा पट्टा तुटला म्हणून आम्ही तिथे टेकलो होतो.

नंतरच्या अनेक फेऱ्यांमधून मला कळलं की निवांत दिवसालाही आखणी लागते, किंबहुना जरा जास्तच काळजीने लागते. ती करायची असते दिवसभरात भरपूर वेळ मोकळा राहावा म्हणून. चार-पाच गोष्टी आदल्या दिवशी पक्क्या झाल्या की भर रस्त्यात घोळका करून ‘आता कुठे जायचं?’ या प्रश्नावर अर्धा तास घालवावा लागत नाही. मी आता ज्या क्रमाने दिवस आखते, त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे.

कितीजण असावेत

चार. तीन किंवा पाचही चालतील, पण चारचा आकडा शहराला आणि गप्पांना दोन्हींना मानवतो. चौघं एका टॅक्सीत मावतात, एका टेबलाभोवती बसतात, फुटपाथवर दोन-दोनच्या जोडीने चालले तर कुणाला अडथळा होत नाही. गप्पांचं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये माणसं आपणहून जमतात तेव्हा संभाषणाचे गट किती मोठे होतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका संभाषणात साधारण चार माणसं टिकतात, पाचवं-सहावं आलं की त्याचे आपोआप दोन गट पडू लागतात, असं त्यांना दिसलं. सहा जणांबरोबर फिरलेल्या कुणालाही हे पटेल: दोघं पुढे निघून गेलेले, दोघं मागे दुकानासमोर थांबलेले, आणि मधले दोघं कुणासाठी थांबायचं या पेचात.

सात-आठ जण येणारच असतील तर सुरुवातीलाच दोन गट करा. सकाळी वेगळे फिरा, जेवायला एकत्र या, दुपारी हवं तर माणसं अदलाबदल करून पुन्हा दोन गट पाडा. शहरात ठरावीक रस्ता न धरता भटकण्याचा प्रयोग करणाऱ्या गी दबोर या फ्रेंच विचारवंतानेही १९५० च्या दशकात दोन-तीन जणांचे छोटे गट करून फिरा, नंतर एकमेकांची निरीक्षणं ताडून पाहा, असंच सुचवलं होतं. जेवणाच्या टेबलावर दोन गटांकडे एकमेकांना सांगायला काहीतरी नवं असतं, हा त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग.

प्रत्येकाला वेगळं विचारा

‘कुठे जायचं?’ हे ग्रुपवर विचारलं की पहिलं उत्तर कुणीतरी उत्साही माणूस देतो, दुसरा ‘मला काहीही चालेल’ म्हणतो आणि तिसरा अंगठा टाकतो. ठरलं असं वाटतं. प्रत्यक्षात एकाच माणसाने ठरवलेलं असतं, आणि कधीकधी त्यालाही ते मनापासून नको असतं.

जेरी हार्वे या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने १९७४ मध्ये याला एक नाव दिलं: ॲबिलीनचा विरोधाभास. टेक्सासमधल्या कोलमन गावात उकाड्याच्या एका दुपारी घरची चार माणसं आरामात बसली होती. एकाने ५३ मैलांवरच्या ॲबिलीनला जेवायला जाऊ या म्हटलं, बाकीच्यांनी होकार दिला. गरम धुळीतून, वातानुकूलन नसलेल्या गाडीतून जाऊन-येऊन चार तासांनी परतल्यावर उघड झालं की चौघांपैकी कुणालाच जायचं नव्हतं. ज्याने सुचवलं त्यालाही नव्हतं. बाकीचे कंटाळले असतील असं त्याला वाटलं होतं. मित्रांच्या सहलीत हे किती वेळा घडतं! कारण मित्र एकमेकांचं मन जपतात.

म्हणून मी आठवडाभर आधी प्रत्येकाला स्वतंत्र फोन करते आणि दोनच प्रश्न विचारते. पहिला: या दिवसात एकच गोष्ट होणार असेल, तर तुला कोणती हवी? दुसरा: काय अजिबात नको? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जास्त कामाची निघतात. कुणाचा गुडघा दुखत असतो, कुणाला गर्दीत घुसमटायला होतं, कुणाला या महिन्यात पैसे जपून वापरायचे असतात. ग्रुपवर हे कुणी लिहीत नाही, फोनवर सहज सांगतात. चार माणसांच्या चार ‘हव्या’ गोष्टी समोर आल्या की त्यांतल्या दोन-तीन जवळपास बसवता येतात. उरलेल्या एकासाठी पुढची फेरी असते, आणि ते त्याला आधीच मोकळेपणाने सांगावं.

वार कोणता

रविवार सगळ्यांना सोयीचा म्हणून सगळेच रविवारी निघतात. त्याआधी तुम्हाला शहराचं कोणतं रूप पाहायचं आहे ते ठरवा. कचेऱ्यांचा भाग सुट्टीच्या दिवशी रिकामा असतो. इमारती निवांत पाहायच्या असतील तर ही पर्वणीच, पण तिथली बरीच खाण्याची ठिकाणं त्या दिवशी बंद असू शकतात. बाजारपेठेचं उलट: तिची मजा ती चालू असतानाच. जगभरातली अनेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तरी हा नियम समजू नका; पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं. ज्या ठिकाणासाठी दिवस ठरवताय त्याचा साप्ताहिक सुट्टीचा वार, तिकीटखिडकी बंद होण्याची वेळ आणि आत सोडण्याची शेवटची वेळ या तीन गोष्टी त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा. आत सोडणं बहुधा बंद होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच थांबतं.

त्या दिवशीचा सूर्यास्त किती वाजता आहे तेही बघून ठेवा. त्याची गरज दिवसाच्या शेवटी पडते.

एकच भाग निवडा, आणि तो नकाशावर मोजा

साऱ्या आखणीत माझा सर्वाधिक वेळ इथे जातो, आणि तुमचाही जावा असं मला वाटतं. मोठं शहर एका दिवसात पाहून होत नाही. होतो तो त्याचा एक तुकडा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीन किलोमीटरचा. शहराच्या दोन टोकांची दोन प्रसिद्ध ठिकाणं एका दिवसात घातली की मधला दीड तास गाडीत जातो आणि दिवसाचे दोन तुकडे होतात.

तुकडा निवडताना केव्हिन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराची पद्धत मला फार उपयोगी पडली. लोक आपल्या शहराचा नकाशा डोक्यात कसा बाळगतात याचा अभ्यास करून त्याने १९६० मध्ये पाच घटक मांडले: वाटा, कडा, विभाग, संगमाच्या जागा आणि खुणेच्या वास्तू. वाट म्हणजे ज्यावरून आपण जातो ते रस्ते. कड म्हणजे जिथे शहर अडतं किंवा बदलतं: नदी, समुद्रकिनारा, रेल्वेमार्ग, जुनी तटबंदी. विभाग म्हणजे स्वतःचा तोंडवळा असलेला परिसर. संगम म्हणजे चौक, मैदान, मोठं स्टेशन. आणि खूण म्हणजे लांबून ओळखू येणारा मनोरा किंवा घुमट. नकाशा उघडा आणि हे पाचही घटक पायी अंतरात कुठे सापडतात ते शोधा. जुन्या वस्तीचा एखादा विभाग, त्याला लागून एखादी कड, मध्ये एक चौक, वर दिसणारी एक खूण. असा भाग चालायला कधीच कंटाळवाणा होत नाही, कारण दर दहा-पंधरा मिनिटांनी दृश्य बदलतं. शिवाय कड आणि खूण असली की कुणी सहज हरवत नाही. ‘नदीच्या दिशेने ये’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

बहुतेक शहरांत असा भाग जुन्या गाभ्याजवळ सापडतो. वाहनं येण्याआधी वसलेली वस्ती पायी चालणाऱ्यांच्या मापाने बांधलेली असते: गल्ल्या अरुंद, वळणं जवळजवळ, घराखालीच दुकान. तिथे एका किलोमीटरमध्ये जेवढं बघायला मिळतं तेवढं नव्या रुंद रस्त्यांवर तीन किलोमीटरमध्ये मिळत नाही.

आता अंतराचा हिशोब. एकटं माणूस सपाट रस्त्यावर तासाला सुमारे पाच किलोमीटर चालतं. चार मित्र बघत, थांबत, फोटो काढत चालले की वेग तासाला दोनवर येतो. सकाळी दहा ते संध्याकाळी सात म्हणजे नऊ तास. दीड तास जेवण, मधल्या विश्रांतीचा मिळून एक तास, एखाद्या वास्तूच्या आत दीड तास, आणि दुपारी तासभर सगळे सुटे. उरले चार तास, म्हणजे आठ किलोमीटर. नकाशावर मात्र पाच-सहा किलोमीटरचीच वाट आखा. बाकीचे आडवळणात सहज जातात, आणि ती आडवळणं घेता यावीत म्हणूनच आपण निघालोय.

मेट्रोच्या नकाशावरून अंतराचा अंदाज बांधू नका. हॅरी बेक याने १९३१ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा सरळ रेषांचा नकाशा काढला आणि १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती आला. तेव्हापासून जगभरच्या मेट्रोचे नकाशे त्याच धाटणीचे असतात: स्टेशनांचा क्रम बरोबर, अंतरं मात्र खरी नव्हेत. लंडनच्याच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्टेशनांमध्ये जेमतेम पाव किलोमीटर अंतर आहे. खाली उतरून गाडी पकडेपर्यंत माणूस वरून चालत पोहोचतं. दोन स्टेशनांमधलं खरं अंतर साध्या नकाशावर मोजा. ते किलोमीटरच्या आत असेल तर चाला.

वाटेची दिशा ठरवताना चढ आणि ऊन बघा. परिसरात टेकडी असेल तर वाहनाने वर जाऊन पायी खाली या. उत्तर-दक्षिण रस्त्यावर सकाळी पूर्वेकडच्या फुटपाथवर इमारतींची सावली असते, दुपारनंतर पश्चिमेकडच्या. हे लक्षात ठेवलं तर कडक उन्हाच्या दिवशीही तासभर जास्त चालता येतं. फोटोंचं गणित यातूनच सुटतं: पूर्वाभिमुख इमारती सकाळी उजळतात, पश्चिमाभिमुख दुपारनंतर. ज्या वास्तूचा दर्शनी भाग तुम्हाला डोळे भरून पाहायचाय, तिच्यासमोर योग्य वेळी पोहोचाल अशी वाट धरा.

दोन गोष्टी पक्क्या, बाकी मोकळं

दिवसात फक्त दोन गोष्टी घड्याळाला बांधा: एक वास्तू आणि एक जेवण. वास्तू सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास ठेवा, कारण तेव्हा पाय ताजे असतात आणि गर्दी दुपारपेक्षा कमी असते. वेळेचं तिकीट मिळत असेल तर आधीच काढा. जेवणाची जागा वास्तूपासून चालत दहा मिनिटांच्या आत हवी आणि जेवणाची वेळ नेहमीच्या गर्दीच्या अर्धा तास आधी. भुकेलेल्या चार माणसांनी रस्त्यात उभं राहून जागा शोधायची वेळ आली की निवांतपणा संपलाच. मनात एक पर्यायी जागाही ठेवा.

संग्रहालयाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण दिवस सर्वाधिक तिथेच थकतो. बोस्टनच्या कलासंग्रहालयाचे सचिव बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला होता. पाहणाऱ्याला वस्तू आणि चिठ्ठ्या दिसाव्यात म्हणून किती वाकावं, ताणावं, ओणवावं लागतं हे त्यांनी छायाचित्रं काढून दाखवलं. संग्रहालयातलं चालणं रस्त्यावरच्या चालण्यापेक्षा जास्त दमवतं: दोन पावलं, थांबा, वाका, वाचा, पुन्हा दोन पावलं. म्हणून दीड तासाची मर्यादा घाला. दारातच नकाशा बघून दोन किंवा तीन दालनं निवडा आणि बाकीची मनापासून सोडून द्या. आत सगळ्यांनी एकत्र फिरू नका. प्रत्येकाचा पाहण्याचा वेग वेगळा असतो. ठरलेल्या वेळी एका ठरलेल्या वस्तूसमोर भेटा आणि प्रत्येकाने आपल्याला आवडलेल्या एकाच वस्तूपाशी इतरांना घेऊन जावं. मैत्रिणीच्या डोळ्यांनी पाहिलेली एखादी मातीची सुरई मला तिथल्या सगळ्या प्रसिद्ध मूर्तींपेक्षा जास्त लक्षात राहिली आहे.

भेटायचं कुठे

‘स्टेशनबाहेर भेटू’ हे पुरेसं नाही. मोठ्या स्टेशनांना आठ-दहा दारं असतात. दाराचा क्रमांक किंवा नाव सांगा, नकाशावरची नेमकी जागा ग्रुपवर टाका. जागा अशी निवडा की लवकर पोचलेल्याला सावलीत बसता येईल आणि जवळ स्वच्छतागृह असेल. एका फेरीत आम्ही एका बिनसावलीच्या चौकात भेटायचं ठरवलं, दोघांना पन्नास मिनिटं उशीर झाला, आणि लवकर आलेली मैत्रीण दिवस सुरू होण्याआधीच डोकं धरून बसली. तेव्हापासून मी भेटीची वेळ प्रत्यक्ष निघण्याच्या अर्धा तास आधीची ठेवते आणि तसं स्पष्ट सांगते: साडेनऊला जमायचं, दहाला निघायचं. फार उशीर होणाऱ्याने धावत-पळत मागे येण्यापेक्षा थेट पुढच्या ठरलेल्या ठिकाणी यावं. हे आधी बोलून ठेवलं की त्यालाही अपराधी वाटत नाही.

व्हॉट्सॲपवर चालू ठिकाण १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास दाखवत राहता येतं. सकाळी सगळ्यांनी ८ तासांचा पर्याय निवडला तर ‘कुठे आहेस?’चे निम्मे फोन वाचतात. बॅटरी मात्र त्यात खर्च होते.

पिशवीत

कमी. दिवस संपताना प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतात. पाण्याची बाटली, टोपी किंवा छत्री, टिश्यू, जखमेवरच्या पट्ट्या, नेहमीची औषधं, थोडे सुटे पैसे. बूट वापरातले, नवे कोरे कधीच नाहीत. चौघांत मिळून एक १०,००० एमएएचची पॉवरबँक पुरते. चार्ज होताना काही ऊर्जा वाया जाते हे धरूनही त्यातून साधारण फोन एकदा तरी पूर्ण भरतो. त्या भागाचा नकाशा आदल्या रात्री फोनवर उतरवून घ्या, म्हणजे नेटवर्क नसतानाही तो चालेल. आणि एका मित्राचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. फोन बंद पडला की आपल्याला कुणाचाच नंबर पाठ नसतो.

पैशाचं आधी बोला

पैशाचा विषय मित्रांमध्ये टाळला जातो आणि मग दिवसभर टोचत राहतो. सर्वांत सोपी पद्धत म्हणजे सामायिक डबा. सकाळी प्रत्येकाने सारखी रक्कम एकाकडे द्यायची. तिकिटं, वाहन, चहापाणी त्यातून. संपलं तर पुन्हा सारखं टाकायचं, उरलं तर वाटून घ्यायचं. वैयक्तिक खरेदी ज्याची त्याची. रक्कम किती हे ठरवताना ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे असतील त्याला झेपेल तीच धरा, आणि हे त्याला कळू न देता करा. फोनवरच्या दुसऱ्या प्रश्नाचा उपयोग इथेच होतो. शहर पाहायला मुळात फार पैसे लागत नाहीत. रस्ते, बागा, नदीकाठ, बाजार, जुनी स्टेशनं फुकटच असतात.

प्रत्यक्ष चालताना

वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. त्याला पुढे ठेवा, मागे नको. मागे राहिलेला माणूस गाठतो तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून निघालेले असतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वाधिक त्यालाच ती मिळत नाही. हे माझ्या आजारपणानंतरच्या पहिल्या फेरीत मी स्वतः अनुभवलं, आणि तेव्हापासून या एका नियमावर मी अडून बसते.

दमण्याआधी बसा. तासाभराने दहा मिनिटं, मग पाय दुखत असोत वा नसोत. बरं स्वच्छतागृह दिसलं की सगळ्यांनी जाऊन यायचं. पुढचं कधी मिळेल याचा भरवसा नसतो.

नकाशा एकाच्याच हातात असावा. चौघं चार फोनमध्ये बघत चालले की कुणीच रस्ता बघत नाही. दर दोन तासांनी वाटाड्या बदला. ज्याच्याकडे सूत्रं आहेत तो निर्णय घेईल, बाकीचे तक्रार न करता मागे जातील. एरवी गप्प राहणारी माणसं वाटाड्या झाली की काय सुंदर गल्ल्या शोधतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मोकळ्या वेळात भटकण्यासाठी छोटासा नियम घेतला तर बरं पडतं. दर कोपऱ्यावर जास्त सावलीचा रस्ता घ्यायचा, किंवा दोनदा डावीकडे-एकदा उजवीकडे, किंवा आवाज येतोय तिकडे. नियम असला की चर्चा लागत नाही, आणि माहितीपुस्तिकेत नसलेल्या जागी आपण पोहोचतो.

आणि मान वर करा. इमारतींचे तळमजले दुकानांमुळे सारखे बदलत राहतात. पाट्या, काचा, शटर सगळं नवं असतं. पहिल्या मजल्यापासून वर मात्र जुनं शहर बरंचसं शाबूत असतं: सज्जे, कठडे, खिडक्यांवरची कमान, कोरलेलं बांधकामाचं साल, पुसट झालेलं एखादं नाव. साल दिसलं की ते मोठ्याने वाचायचं, असा आमचा खेळ आहे. दोन तासांत परिसर कुठून कुठे वाढत गेला ते आपसूक कळतं. रस्त्यांची नावंही वाचा. पुष्कळ शहरांत ती तिथल्या जुन्या धंद्यांवरून, वेशींवरून, आता बुजलेल्या तळ्यांवरून पडलेली असतात.

राहत्या वस्तीतून जाताना आवाज कमी करा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, लहान मुलांचे तर नाहीच. प्रार्थनास्थळात शिरण्याआधी पादत्राणं आणि पेहरावाचा तिथला नियम बघा. तुमचा सहलीचा दिवस हा तिथल्या लोकांचा रोजचा दिवस असतो.

पाऊस आला तर वाट तीच ठेवून क्रम बदला: वास्तू आणि जेवण पावसात, चालणं उघडिपीत.

दुपारचा एक तास सुटा

जेवणानंतर साधारण दोन ते तीनच्या दरम्यान सगळेच जरा मंदावतात; शरीराच्या दैनंदिन लयीतच ती उतरण असते. तेव्हा जबरदस्तीने पुढे रेटण्याऐवजी तासभर सुटं व्हा. कुणी बागेत आडवं होईल, कुणी पुस्तकांच्या दुकानात शिरेल, दोघं बाकावर बसून राहिलेल्या गप्पा पुऱ्या करतील. कुठे आणि किती वाजता भेटायचं ते मात्र निघण्याआधी सगळ्यांनी एकदा उच्चारायचं. घट्ट मित्रांनाही दिवसभरात थोडा एकांत लागतो. तो दिला की तासाभराने भेटणारी माणसं ताजी असतात.

दिवसाचा शेवट आधीच निवडा

बहुतेक जण सकाळ आखतात आणि संध्याकाळ सोडून देतात. मी उलट सांगेन: काही कमी आखायचं असेल तर सकाळ कमी आखा, शेवट मात्र पक्का ठेवा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात ठेवायला सांगितला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, लांबलेला प्रकार निवडला. शेवट थोडा बरा होता एवढंच कारण. आठवण बनते ती मुख्यतः सर्वांत तीव्र क्षणातून आणि शेवटातून.

म्हणून सूर्यास्ताच्या चाळीस मिनिटं आधी अशा जागी पोचा जिथे बसता येईल, क्षितिज दिसेल आणि परतीचं वाहन चालत दहा मिनिटांत असेल. नदीचा काठ, टेकडीचा कठडा, मोठं मैदान, काहीही. तिथे नवं काही पाहायचं नाही. पाय पसरून बसायचं आणि प्रत्येकाने दिवसातली आपली एक जागा सांगायची.

अंधारात परतताना नकाशा सुचवेल तो सर्वांत जवळचा रस्ता घेऊ नका, वर्दळीचा घ्या. शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये रस्त्यावरच्या ‘डोळ्यां’बद्दल लिहिलं होतं: उघडी दुकानं, खिडकीतले शेजारी, येणारे-जाणारे यांच्यामुळे रस्ता सुरक्षित राहतो. पाच मिनिटं जास्त चालावं लागलं तरी असाच रस्ता बरा. शेवटची गाडी किती वाजता हे सकाळीच पाहिलेलं असावं आणि आपण तिच्या किमान दोन गाड्या आधीची पकडावी.

फोटोंसाठी एक सामायिक अल्बम उघडून त्याची लिंक परतीच्या प्रवासातच ग्रुपवर टाका. उद्यावर ढकललं की ते फोटो कधीच येत नाहीत. डब्यातला हिशोबही गाडीतच मिटवा. आणि सगळे आपापल्या घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत, ज्याने दिवस आखला त्याने फोन बाजूला ठेवू नये.